दाखवायचं तिकीट

सोबतीच्या मावशींनी बावीस देशांच्या जमिनीला पाय लावले होते, पण त्यातल्या एकाही देशाचं वारं त्यांना लागलं नव्हतं. विमानातून उतरायचं, लांबच लांब गुळगुळीत फरशीवरून चालायचं, पासपोर्टाच्या खिडकीपुढे उभं राहायचं, पट्ट्यावरून सामान उचलायचं, काचेच्या दाराशी वाट बघणाऱ्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या हाती त्यांचं म्हातारं माणूस सोपवायचं आणि आल्या पावली मागे वळायचं. त्यांची धाकटी बहीण शाळेच्या कचेरीत कामाला होती आणि तिची जीभ कचेरीतल्या टाचणीसारखी होती. ती म्हणायची, "आमची ताई जग फिरून आली. काय पाहिलं ते विचारा. न्हाणीघरं." मावशींना याचा राग येत नसे. खोटं थोडंच होतं? कुठल्या विमानतळाच्या न्हाणीघरात धरायला दांडी आहे आणि कुठल्या नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं.

वीस वर्षं त्यांनी इस्पितळात आयाचं काम केलं. नवरा तरुणपणीच गेला, मूल झालं नव्हतं, तेव्हा धाकटीच्या दोन खोल्यांत त्यांचाही बिछाना पडला तो पडलाच. एकदा वॉर्डातल्या एका आजींना त्यांच्या परदेशातल्या मुलाकडे पोचवायचं होतं आणि एकटीला विमानात बसवायची कुणाची छाती होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्या मावशींना पाठवा, त्या माणसाला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. तेवढ्यावरून हा धंदा सुरू झाला. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्याला आता बारा वर्षं झाली होती. मावशी एकसष्टीच्या झाल्या होत्या आणि प्रवासाहून आल्या की त्यांचे पाय घोट्यापासून असे सुजायचे की चपलेचे पट्टे उमटलेले दोन दिवस दिसत.

त्यांचे दोनच नियम होते. एक, निघण्याच्या आदल्या दिवशी माणसाला त्याच्या घरी जाऊन बघायचं. विमानात माणूस कसा वागेल ते त्याच्या घरात कळतं. दुसरा, आपल्या तोंडाने खोटं बोलायचं नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचे तर ते स्वच्छ असावेत, एवढीच त्यांची समजूत होती. पण हा दुसरा नियम या धंद्यात पाळणं सोपं नव्हतं.

त्याचं कारण परतीचं तिकीट. दुसऱ्या देशात शिरताना तिथला अधिकारी दोन गोष्टी विचारतो, का आलात आणि जाणार कधी. जाणार कधी याला तोंडी उत्तर चालत नाही, पुढच्या तारखेचं तिकीट दाखवावं लागतं. ते नसेल तर इकडचेच लोक विमानात चढू देत नाहीत. खरोखर पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचं ते तिकीट खरं असे. पण कितीतरी म्हातारे कायमचेच चाललेले असत. कायमचं राहायच्या कागदांना वर्षं लागतात, म्हणून मुलं त्यांना पाहुणे म्हणून बोलावत, परतीचं तिकीट काढून ठेवत आणि आईबाप आत पोचले की ते रद्द करत. या तिकिटाला सगळे दाखवायचं तिकीट म्हणत. मावशी तो कागद खिडकीत पुढे करत. त्यावर तारीख असे, नाव असे, अधिकारी तो बघे आणि शिक्का मारे. मावशींना बोलावं लागत नसे. बारा वर्षं त्यांनी नियम मोडला नव्हता, फक्त तो कागद म्हाताऱ्यांच्या हाती पडू दिला नव्हता. हे दोन्ही एकच आहे का वेगळं, याचा विचार त्या घरी परतताना विमानात करत आणि मग झोप लागे.

या खेपेच्या, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांना बघायला त्या गेल्या तेव्हा तीन मजले चढून गेल्या, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून गेल्या. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सडसडीत, जाड भिंगाचा चष्मा, बोटांच्या पेरांना खळ लागून लागून कातडी चकचकीत झालेली. एकच खोली. अर्धी राहायची, अर्धी कामाची. कामाच्या अर्ध्यात एक उंच मेज, पुठ्ठ्यांचे कापलेले तुकडे आकाराप्रमाणे लावलेले, दोऱ्याची रिळं, आणि भिंतीशी दाब द्यायचा लाकडी शिकंजा, वर लोखंडी मळसूत्र. शिकंज्यात एक जाड वही आवळलेली होती.

"बँकेतल्या बाईंच्या आईची आहे," काकांनी सांगितलं. "हाताने लिहिलेल्या प्रार्थना. पानं सुटून पत्त्यांसारखी झाली होती. मी म्हटलं, बाई, मी मुलीकडे चाललोय, पण सुरू केलंय ते संपवूनच देईन. दाबात राहिली म्हणून वही बिघडत नाही, उलट नीट बसते."

परत कधी येणार, ते काही त्यांना ठाऊक नव्हतं. पुतण्या म्हणाला होता, परतीचं तिकडे गेल्यावर बघू. काकांना ते पटलं नव्हतं. जाण्याची तारीख पक्की आणि येण्याची मोघम, असं काम त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. पण मुलगी फोनवर रडली म्हणून ते तयार झाले होते.

मुलगी का रडली ते पुतण्याने मावशींना जिन्यात सांगितलं. गेल्या वर्षात काका या जिन्यावर दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा सकाळी पडले ते दुपारपर्यंत पडूनच होते, खालच्या मजल्यावरची बाई कामावरून परतली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मुलीची झोप उडाली होती. पुतण्यावर स्वतःच्या सासऱ्यांच्या दुखण्याचा भार होता, त्याच्याने होत नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता; दमलेला होता. आवाज खाली आणून तो म्हणाला की परतीचं तिकीट काढलंय, पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेचं, पण ते दाखवायचं. काका दारातून बाहेर आले की बहीण, म्हणजे त्यांची मुलगी, ते रद्द करेल. खोली पुढच्या महिनाअखेरीला मालकाला परत. मावशींनी फक्त काही बोलू नये.

मावशी म्हणाल्या, "मी कधी बोलत नाही." आणि तीन मजले उतरल्या.

निघायच्या विमानतळावर सगळं नेहमीसारखं झालं. काउंटरवरच्या मुलीने परतीचं तिकीट मागितलं, मावशींनी काकांना पाण्याची बाटली धरायला लावून कागद दाखवला, परत फाइलीत सरकवला. काका खिडकीशी बसले, ढग बघून म्हणाले, "कापूस पिंजून ठेवलाय," आणि गुडघ्यावरचं मासिक उलटं करून त्याची शिवण तपासत बसले. शिवण नव्हतीच, नुसता गोंद होता. त्यांनी ते मासिक समोरच्या खिशात असं ठेवलं जसं एखाद्याचं व्यसन कळल्यावर आपण त्याच्याशी बोलणं आवरतं घेतो.

मधल्या विमानतळावर पाच तास काढायचे होते. दुपारची वेळ, काचेतून ऊन थेट खुर्च्यांवर येत होतं. मावशींच्या पायांना सूज चढायला लागली होती. काकांनी सुई-दोरा आहे का विचारलं. मावशींच्या पिशवीत सगळं असे, गोळ्या, बिस्किटं, चष्म्याचा बारका स्क्रू, सुई-दोरा. कुणाचं ना कुणाचं बटण तुटतंच. त्यांनी दिला आणि जरा डोळे मिटते म्हणाल्या. जराचे दोन तास झाले.

जाग आली तेव्हा काका समोर बसून दात लावून दोरा तोडत होते आणि त्यांच्या गुडघ्यावर मावशींची फाइल रिकामी पडली होती.

"अहो, काय हे तुमचे कागद," ते म्हणाले. "सगळे सुटे. एक वाऱ्याची झुळूक आली असती तर आपण दोघं इथेच राहिलो असतो."

त्यांनी सगळे कागद शिवून टाकले होते. दोघांचेही. मुलीचं बोलावणं, विम्याचा कागद, मावशींचं त्याच दिवशीचं परतीचं तिकीट, औषधांची चिठ्ठी, सगळं तारीखवार लावून, घडी घालून, मधोमध पाच टाके मारून एक सुबक पुस्तिका केली होती. बिस्किटांच्या खोक्याचं कव्हरही घातलं होतं. दोऱ्याला मेण नव्हतं याची तेवढी खंत होती. मावशी पुस्तिकेकडे बघत राहिल्या. कामाच्या बारा वर्षांत असा माणूस त्यांना भेटला नव्हता, आणि देवाने नेमका आजच दिला होता.

"आणि हे बघा," काकांनी शेवटचं पान उघडलं. त्यांचा चेहरा खुलला होता, परीक्षेत पास झालेल्या मुलाचा खुलतो तसा. "एकोणीस तारीख. त्याच संध्याकाळी घरी. पुतण्या मला म्हणाला तिकडे गेल्यावर बघू, आणि काढून ठेवलंय की. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल."

मग त्यांनी मावशींचा फोन मागून घेतला आणि बँकेतल्या बाईंना कळवलं की वीस तारखेला सकाळी वही न्यायला या, दहाच्या आत नको, मळसूत्र सोडल्यावर तासभर तरी वही मोकळी राहायला हवी. मावशी त्यांच्या शेजारी बसून ऐकत होत्या. तेव्हाच बोलायचं होतं. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला आणि दोघांनी एकेक खाल्लं.

पासपोर्टाच्या खिडकीपाशी पोचले तेव्हा सकाळ होती. आतला अधिकारी तरुण होता आणि त्याचेही डोळे झोपेने चिकटलेले होते. मावशींनी पुस्तिका पुढे केली. त्याने कागद बाहेर काढायला बघितले, निघेनात. त्याने पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली, मग पाठीमागच्या सहकाऱ्याला दाखवली. दोघं काहीतरी बोलले आणि हसले. मग तो पान पान उलटत गेला. मावशींना त्याने विचारलं की फक्त चार तासांसाठी आलात? मावशींनी हे उत्तर बावीस देशांत दिलं होतं. हो, सोबत म्हणून, यांना पोचवायचं आणि जायचं. मग त्याने काकांकडे पाहिलं. परत कधी?

काकांना तिथली भाषा तोडकीमोडकीच येत होती, पण आकडे येत होते. "एकोणीस," ते म्हणाले, बोटाने पान दाखवून. "काम आहे. वही दाबात आहे." दाब कसा असतो ते त्यांनी दोन तळवे एकमेकांवर ठेवून दाखवलं.

अधिकाऱ्याला दाब कळला नसावा. त्याने मावशींना विचारलं, तुम्हीच यांना न्यायला येणार का? बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मावशींच्या जिभेवर हो आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "मला बोलावलं तर येईन," त्या म्हणाल्या. शिक्का बसला.

सामानाच्या पट्ट्यापाशी गर्दी होती. काकांची बॅग यायची होती. ते बाकावर बसले आणि त्यांनी वरच्या खिशातली पेन्सिल काढून मावशींच्या हातात दिली.

"तो म्हणाला ते बरोबर आहे. मला न्यायला तुम्हीच या. मी मुलीला सांगतो. लिहून घ्या, नाहीतर विसराल. एकोणीस."

मावशींनी रिकामी फाइल गुडघ्यावर घेतली. पेन्सिलीचं टोक तिच्यावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. कागद दाखवायचा तर हात पुढे होतो, लिहायचं तर तोच हात कबूल होत नव्हता. पट्ट्यावर पहिल्या बॅगा आल्या. एक आजी आठवल्या, वॉर्डातल्या नव्हेत, नंतरच्या, ज्यांनी काचेच्या दारातून वळून विचारलं होतं, माझं परतीचं कधीचं गं? आणि मावशींनी हात हलवून निरोप दिला होता, जणू ऐकूच आलं नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "ते तिकीट नुसतं दाखवायला आहे."

"दाखवलं की."

"दाखवण्यापुरतंच आहे. तुम्ही त्या दारातून बाहेर गेलात की ते रद्द होणार."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी खोलीचं विचारलं. मावशींनी सांगितलं, महिनाअखेरीला सोडणार. पुतण्याला माहीत आहे का? त्यांनीच सांगितलं. काकांनी मान हलवली. एकेक टाका मोजल्यासारखी.

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना ठाऊक. तुम्हालासुद्धा."

"मलासुद्धा," मावशी म्हणाल्या.

काकांची बॅग आली. मावशी उठून ती पट्ट्यावरून ओढू लागल्या, गुडघ्यातून कळ आली तरी ओढली आणि बाकाशी आणून ठेवली. काका उठले नाहीत.

"आत्ता या घडीला ते रद्द झालेलं आहे का?"

"नसावं. तुम्ही बाहेर दिसल्यावर करणार."

"मग मी इथे बसतो."

आणि ते बसले. भांडण नाही, आवाज नाही. पाठ ताठ, पुस्तिका मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर, वजन ठेवावं तसे. पट्टा थांबला, विझला, दुसऱ्या विमानाचं सामान घेऊन पुन्हा सुरू झाला. साफसफाईचा माणूस दोनदा त्यांच्या पायांभोवतून झाडून गेला. मावशींचं परतीचं विमान अडीच तासांवर आलं होतं. ते चुकलं असतं तर मावशींना या देशात कुणी उभं करणारं नव्हतं, आणि त्यांचं तिकीट तर काकांच्या मांडीवर शिवलेलं होतं. मनातल्या मनात त्यांनी देवाला विचारलं की खरं बोलायचं तर ते असं, सामानाच्या पट्ट्याशी, सुजलेल्या पायांनीच बोलायला लावायचं होतं का? त्यांनी मुलीला फोन लावला.

ती तीस पावलांवर होती, काचेपलीकडे. एवढा वेळ का लागतोय म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. झालं ते कळल्यावर ती आधी मावशींवर बरसली. तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती, एक. मावशींनी ऐकून घेतलं आणि फोन काकांच्या कानाशी धरला. पलीकडून बराच वेळ बोलणं येत राहिलं. जिना, दुपारपर्यंत पडलेले असणं, रात्रीतून तीनदा उठून फोन बघणं, नोकरी, आणि मला बाप हवा आहे, त्या बाईंच्या वहीचं काय घेऊन बसलात. ती थांबली तेव्हा काका बोलले.

"पडलो ते खरं आहे. पुन्हा पडेन तेही खरं. तुझ्याकडे राहणार नाही असं मी म्हटलेलं नाही, बाळ. पण माझं घर माझ्या पाठीमागे आवरायचं नाही. ती वही मी माझ्या हाताने काढीन. किल्ली माझ्या हाताने देईन. मग तू म्हणशील तिथे राहीन. एवढं ठेवतेस का, तर बाहेर येतो."

मावशींना काचेपलीकडे गर्दीत एक बाई भिंतीला टेकून खाली वाकलेली दिसली, तीच असावी. मग आवाज आला, "ठेवते तिकीट. या बाहेर."

"शब्द?"

"शब्द, बाबा."

काकांनी मावशींकडे पाहिलं, या शब्दाला किती दाब सोसेल असं विचारत असल्यासारखं. मावशींना ते सांगता येण्यासारखं नव्हतं. असे शब्द त्यांनी पुष्कळ ऐकले होते आणि पुढे त्यांचं काय झालं ते कधीच कळलं नव्हतं, कारण त्या नेहमी आल्या पावली परत फिरल्या होत्या.

"आता लिहा," काका म्हणाले. मावशींनी फाइलीवर लिहिलं, एकोणीस.

मग काकांनी पुस्तिका उसवली. नखाने पाचही टाके उचलले, दोरा ओढून बोटाला गुंडाळला, मावशींचे कागद वेगळे काढून नीट घडी करून त्यांच्या हातात दिले. आपले ते स्वतःच्या कोटात ठेवले. दोघं काचेच्या दाराकडे निघाले. दार आपोआप उघडलं आणि काकांच्या बॅगेचं चाक उंबऱ्याच्या पट्टीत अडकल्यामुळे ते उघडंच राहिलं. बाहेरची हवा आत आली, गार, ओल्या लोखंडाच्या वासाची. मावशी तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मुलगी आली, कचेरीच्या कपड्यांतच, नाक लाल. तिने बापाला धरलं, चाक सोडवलं, मावशींकडे बघितलं नाही. काकांनी वळून हात केला. मग दार बंद झालं आणि मावशी धावत, म्हणजे त्यांना जमेल तसं धावत, आपल्या विमानाकडे गेल्या.

घरी आल्यावर त्या दोन दिवस झोपल्या. तिसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. फारसं ओरडला नाही, पण शेवटी म्हणाला की तुमच्यावर विश्वास टाकला होता. बातमी फिरली. ठरलेली दोन कामं रद्द झाली, एकाने निदान कारण दिलं, दुसऱ्याने तेही नाही. धाकटीने गरम पाण्यात मीठ घालून परात त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "बारा वर्षं गप्प बसलीस, अजून एक दिवस बसली असतीस तर काय देव पासपोर्ट जप्त करणार होता?" मग स्वतःच खाली बसून त्यांचे पाय चोळायला लागली. मावशी रोज सकाळी हात जोडताना काकांचंही नाव घेत. फोन त्यांनी केला नाही. मुलीने शब्द मोडला असेल तर तो ऐकायची त्यांच्यात ताकद नव्हती, आणि पाळला असेल तर कळेलच.

एकोणीस तारखेला दुपारी त्या बसने विमानतळावर गेल्या. बोलावलंय का त्यांनी, असं धाकटीने विचारलं. नाही. मग? "लिहून घेतलंय," मावशी म्हणाल्या. धाकटीने कपाळाला हात लावला आणि छत्री, पाण्याची बाटली देऊन पाठवलं.

कठड्याच्या या बाजूला मावशी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. या बाजूने दार वेगळंच दिसत होतं. ते उघडे आणि लोक पुढे झुकत, मिटे आणि मागे होत. विमान लागून तास झाला. कुटुंबं आली, ढकलगाड्या आल्या, विमानाचे लोकसुद्धा आपापल्या छोट्या बॅगा ओढत निघून गेले. मावशींनी कठड्याला धरून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, मग परत पहिल्यावर. गर्दी विरळ होत तीन माणसं उरली. मावशींनी पिशवी उचलली.

दार उघडलं. ढकलगाडीला धरून, सावकाश, काका येत होते. मागे त्यांची मुलगी, दोन बॅगा घेऊन, प्रवासाने चेहरा सुकलेला.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच."

काका मान हलवून हसले. कोटातून पुस्तिका काढली, आता नवी, खऱ्या पुठ्ठ्याची, मेणाच्या दोऱ्याने शिवलेली. शेवटच्या पानावर दोघांची जायची तिकिटं होती, आठ दिवसांनंतरची. "मी शेजारी बसून काढायला लावली," ते म्हणाले. "नाव, तारीख, सगळं मला विचारून." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. आठ दिवसांत खोली रिकामी करायची म्हणजे काय, ते त्यांना तिथूनच ठाऊक होतं.

मुलगी मावशींच्या समोर उभी राहिली. माफीबिफी ती बोलली नाही. "मावशी, तीन मजले आहेत," ती म्हणाली. "यांना आणि सामानाला मी एकटी नाही चढवू शकत. याल का?"

मावशी गेल्या. दर मजल्याला तिघं थांबली. दुसऱ्या मजल्यावर काकांनी भिंतीला हात टेकून सांगितलं, पडलो तो इथे, आणि मुलीने ती पायरी पहिल्यांदा पाहिली. ती त्या पायरीवर बसली, मग उठली आणि बापाचा दंड धरला.

खोलीत धुळीचा आणि शिळ्या खळीचा वास होता. काकांनी कपडे बदलले नाहीत, पाणी घेतलं नाही, सरळ शिकंज्याशी गेले. खरं तर मळसूत्र उद्या सकाळी सोडायचं होतं. ते त्यांनी आत्ताच सोडलं, अर्धा अर्धा फेरा, मध्ये थांबत. वही बाहेर काढली, पाठीवरून अंगठा फिरवला, मधोमध उघडून मेजावर ठेवली. ती सपाट उघडी राहिली, मिटली नाही. त्यांनी मुलीला हाक मारली, बघ म्हणून. ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, बूटसुद्धा पायात होते.

"झोपू द्या," मावशी म्हणाल्या आणि चहाचं पाणी ठेवायला गेल्या.

काका मेजाशी उभे राहिले. भिंतीवरची पुठ्ठ्यांची फळी, रिळं, खळीचं भांडं, सगळीकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. मग शिकंज्याकडे वळले. आत काही नव्हतं, तरी त्यांनी मळसूत्र पुन्हा आवळलं, पूर्ण, शेवटच्या फेऱ्यापर्यंत. मोकळा ठेवला तर लाकूड वाकतं.